घरगुती अडचण

2024 च्या आषाढात बाई गेली. 84 वर्षांची होती. शेवटपर्यंत चष्मा लावून पेपर वाचायची आणि शुद्धलेखनाची चूक दिसली की लाल पेनने तिच्याभोवती गोल करायची. ती गेल्यापासून तिच्यावर काहीतरी लिहावं असं मनात आहे. दोन-तीनदा बसलो, पण दर वेळी शिक्षक दिनाच्या भाषणासारखं काहीतरी उतरलं आणि मीच ते खोडून टाकलं. आज जरा वेगळं लिहितो आहे. नातेवाईक मंडळींपैकी काहींना ते आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिल्यांदा एक खुलासा. बाई म्हणजे आमची आई. ती ज्या शाळेत शिकवायची त्याच शाळेत आम्ही शिकलो, आणि वर्गात 'आई' म्हणायचं नाही असा तिचा सक्त नियम होता. मग चार तास बाई आणि संध्याकाळी आई हे काही लहान पोरांना जमत नाही. आम्ही घरीही बाईच म्हणायला लागलो. पुढे सुना, जावई, नातवंडं, सगळ्यांचीच ती बाई झाली.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. परभणी जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना फाट्याचं काय सांगायचं? मंठ्याकडून, जिंतूरकडून आणि सेलूकडून येणारे रस्ते जिथे मिळतात ती जागा. चहा, भजी, पंक्चरचं दुकान, आणि एसटीची वाट बघणारी माणसं. फाट्याच्या गावांचं असंच असतं, माणसं तिथे उतरतात आणि दुसरीकडे जातात. बाई 1960 साली विशीत असताना नोकरीला लागली ती सातवी पास या भांडवलावर. ट्रेनिंग नंतर झालं. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि ती जिल्हा परिषदेची शिक्षिका झाली. 1998 ला 58 वर्षं पूर्ण करून निवृत्त झाली. अडतीस वर्षांतली बहुतेक सगळी या फाट्याच्या आसपासच्या गावांत गेली. फाट्यावर उतरायचं आणि पायी आत जायचं, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. आमची काळी माती पावसात काय करते ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी शाळेत शोकसभा झाली. बाईचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते. एक तलाठी, दोन शिक्षक, एक एसटीतले कंडक्टर, पुण्यात दुकान असलेला एक जण, आणि साठी गाठलेल्या सात-आठ बायका, ज्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि ज्यांना कोणी बोलायला सांगितलं नाही. बोलणाऱ्यांनी छान बोलले. मनापासून बोलले. पण प्रत्येकाच्या भाषणात एक वाक्य फिरून फिरून येत होतं: बाई त्यागमूर्ती होत्या, आमच्यासाठी त्या स्वतःचं घरदार विसरल्या. एकाने सावित्रीबाई फुल्यांशी तुलना केली. दुसऱ्याने म्हटलं, गावातल्या लेकी शिकवताना बाईंनी स्वतःच्या घराकडे वळून पाहिलं नाही.

आणि मग सूत्रसंचालन करणाऱ्याने, घरच्यांपैकी कोणी दोन शब्द बोलावेत म्हणून, अक्काकडे माईक दिला. अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. तिने माईक हातात घेतला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली,

"घर कसं इसरंल ती? घर माझ्यापाशी ठेवून गेलती."

दोन-चार जण हसले. त्यांना वाटलं, म्हातारी काहीतरी कौतुकाचं बोलली. भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी कोणी हसलं नाही.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

बाईने काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे मी तिचं मोठेपण कमी करायला बसलो आहे असं कोणाला वाटू नये. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ती पाटी-पेन्सिल नव्हे तर वही घेऊन घरोघर फिरायची. सहा वर्षांचं लेकरू दिसलं की नाव लिहायची. जन्मतारीख कोणालाच माहीत नसायची. "मोठा पाऊस पडला त्या साली", "कापूस घरात आलता तवा", अशी उत्तरं यायची. बाई अंदाजाने साल धरायची आणि तारीख टाकायची 1 जून. आमच्या गावात वय वर्षं पन्नासच्या पुढच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला असतो. हे फक्त आमच्या गावात नाही, सगळ्या महाराष्ट्रात मास्तरांनी हेच केलेलं आहे. पण आमच्याकडे ते अक्षर बाईचं आहे.

नाव लिहिणं सोपं. टिकवणं अवघड. दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला की वर्गातल्या पोरी गायब. वेचणीला पोरींची बोटं लागतात. बाई शाळा सुटल्यावर शेतावर जायची. आयांशी भांडायची नाही, त्यांच्या शेजारी उभी राहून स्वतः ओटी बांधून कापूस वेचायला लागायची, आणि वेचता वेचता पोरींकडून पाढे म्हणून घ्यायची. निमकी आणि पाउणकीसुद्धा. एका सरीत बाराचा पाढा, वळून येताना तेराचा. 1972 च्या दुष्काळात लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, तेव्हा ती रविवारी तिथे जायची. लोक तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खात होते, लेकरांना सुखडी मिळत होती. तिथे शिकवलं किती गेलं असेल ते देव जाणे. पण हजेरीपटावरचं नाव काढायचं नाही, हा तिचा हट्ट होता.

आणि सगळ्यात मोठा हट्ट एकच. पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते, हे कारण तिला ऐकूनच घ्यायचं नसायचं. "घेऊन येऊ दे की कडेवर. मी बघते त्याला. पण पोरीला घरी ठेवू नकोस." बाईच्या वर्गात नेहमी तीन-चार शेंबडी धाकटी भावंडं कोपऱ्यात पोत्यावर झोपलेली असायची. तपासणीला आलेल्या एका साहेबाने त्यावरून तिला सगळ्यांसमोर बोल लावला होता. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पोतं परत अंथरलं.

आता घर.

आमचे वडील सेलूला जिनिंगमध्ये दिवाणजी होते. 1971 ला ते गेले. घरात अर्धवट दिसणारी आजी, अक्का बारा वर्षांची, दोन भाऊ, आणि शेंडेफळ मी, तीन वर्षांचा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव आलं आणि ती खरोखरच प्रमुख झाली. चुलते, मामा, आत्या, सगळ्यांची लग्नं, वाटण्या, भांडणं तिच्या ओट्यावर सुटायची. "बाई काय म्हणतेत?" हे विचारल्याशिवाय आमच्या भावकीत कोणाला हळद लागली नाही. पगार एक आणि खाणारी तोंडं वाढत जाणारी, कारण शिकायला म्हणून पुतणे, भाचेही आमच्याकडे यायला लागले. बाई कोणाला नाही म्हणाली नाही. ही गोष्ट नातेवाईकांत आजही अभिमानाने सांगितली जाते.

नाही म्हणायची गरज तिला पडली नाही, कारण भाकरी ती थापत नव्हती.

1972 ला अक्का सातवी पास झाली, वर्गात दुसरी आली, आणि घरी बसली. आजीला बघायला कोणीतरी हवं होतं, मला बघायला कोणीतरी हवं होतं. तुम्ही म्हणाल, बाईच्या वर्गात पोतं अंथरलेलं होतंच की, त्यावर मलाही झोपवायचं. हाच प्रश्न मी मोठेपणी बाईला विचारला. ती म्हणाली, दुसऱ्यांची लेकरं कोपऱ्यात असली तर गाव कौतुक करतं, बाईचं स्वतःचं लेकरू असलं तर म्हणतं, पगार घेती आणि पोरगं सांभाळती. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. विधवा बाईच्या नोकरीकडे गाव कसं बघतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

1975 ला आजी गेली. थोरल्या दादाची सातवी झाली आणि त्याला सेलूच्या नूतन विद्यालयात घातलं. सेलूत एक खोली भाड्याने घेतली. दादा, मधला भाऊ, मी, एक पुतण्या, एक भाचा. आणि स्वयंपाकाला अक्का. ती सोळा वर्षांची. बाई शनिवारची सकाळची शाळा करून फाट्यावरून एसटी पकडून यायची, रविवार राहायची, सोमवारी पहाटे परत. पाच वर्षं असं चाललं. खोलीत शाळेची घंटा ऐकू यायची. अक्काचं सगळं त्या घंटेवर बांधलेलं होतं. पहिली घंटा झाली की डबे, मधल्या सुट्टीला गरम भाकरी, शेवटची घंटा झाली की चहा. पाच वर्षं ती त्या घंटेवर चालली आणि एकदाही त्या वर्गात बसली नाही. 1980 ला तिचं लग्न झालं.

मला अक्षरओळख कोणी करून दिली? लोकांना वाटतं बाईने. बाई तर आमच्या वाट्याला रविवारी यायची. चुलीपुढची राख सारखी करून तिच्यावर बोटाने 'ग' काढून दाखवला तो अक्काने. गमभन शिकवायचं, अआई नंतर, ही बाईची पद्धत. अक्काने ती तिच्या वर्गात बसून उचलली होती.

हे सगळं लिहिताना मला बाईवर आरोप करायचा नाही. तिच्या निवृत्तीच्या वर्षी, 1998 ला, एकदा मी धीर करून विषय काढला होता. तिने गणित मांडावं तसं सांगितलं: "माझा पगार होता म्हणून ताटं लागत होती. कोणीतरी एकाने थांबायलाच पाहिजे होतं. मी थांबले असते तर तुम्ही सगळेच थांबला असता." गणित बरोबर आहे. मी म्हटलं, पण थांबणारी अक्काच का? दादा का नाही? बाईने माझ्याकडे असं बघितलं की हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारला असावा. मग म्हणाली, "पीठ संपलंय, गिरणीत जाऊन ये."

मला राग येतो तो 'त्याग' या शब्दाचा. त्याची माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक तर तो खोटा आहे. बाईला शिकवायला आवडायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती चिडचिडी व्हायची आणि जूनमध्ये शाळेचा वास आला की खुलायची. तिला पगार मिळायचा, मान मिळायचा, चार गावांत तिचं नाव होतं. एखादी बाई कामात रमली होती असं सरळ म्हणायला आपल्याला काय होतं? पुरुष मास्तर रमले तर आपण त्यांना व्यासंगी म्हणतो. बाई रमली तर तिने काहीतरी सोडलं असलंच पाहिजे, नाहीतर ती चांगली बाई कशी?

आणि दुसरं कारण असं की त्यात देणाऱ्याचं नाव चुकतं. आमच्या घरात ज्याला सोडणं म्हणता येईल ते सोडलं अक्काने, आणि तेही तिला कोणी विचारून नाही. बाईच्या नावाने जे पुण्य जमा आहे, त्यात अक्काची तेराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंतची आठ वर्षं आहेत. त्यांची पावती कोणी फाडली नाही. माझं इंजिनिअरिंग, दादाची बँकेतली नोकरी, मधल्याची वकिली, तीही त्याच खात्यातून खर्ची पडलेली आहे.

मोठ्या माणसांच्या घरातही हे असंच असतं, फक्त तिथे कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचं 'माझे पुराण' मिळालं तर जरूर वाचा. संस्था उभी करणाऱ्या माणसाचं घर कोण आणि कसं ओढतं, ते ओढणारीच्या बाजूने तिथे वाचायला मिळतं. अक्काने असं काही लिहिलं नाही. तिची सातवीच झाली होती.

बरं, यावर उपाय नव्हता असंही नाही. 1957 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, कारण मोठ्यांना धाकट्यांना सांभाळावं लागायचं आणि गुरं राखावी लागायची. या दोघींनी पोरांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे बाई एकटीने पोतं अंथरून जे करत होती, ते नीट विचार करून, व्यवस्था म्हणून, अक्का शाळेतून निघाली त्याच्या पंधरा वर्षं आधी महाराष्ट्रात करून दाखवलेलं होतं. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' बाईच्या कपाटात होतं. पण ते हाती आलं तोवर अक्काचं लग्न झालेलं होतं.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाड्या गावोगाव पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. आज अंगणवाडी प्रत्येक गावात आहे, चांगली गोष्ट आहे. पण ती शाळेच्या आधी सुटते आणि मधल्या तासांचं काय हा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो. 2017 च्या कायद्यातल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. आमच्या शाळेत शिक्षक तीन. तिला कुठला कायदा लागू होणार? 2018 पासून राज्यात शिक्षिकांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, ती पूर्ण नोकरीत मिळून. लेकरू 180 दिवसांत मोठं होत नाही, हे रजा मंजूर करणाऱ्यांनाही माहीत असणार.

अक्काची धाकटी मुलगी शिक्षिका आहे. रोज स्कूटीवर तीस किलोमीटर जाते. बाईची शिकवायची पद्धत तिच्यात उतरली आहे असं सगळे म्हणतात, ते खरंही आहे. तिचं चार वर्षांचं पोरगं दिवसभर कोणाजवळ असतं ते मी सांगायची गरज नाही. अक्का आता 65 वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि ते पोरगं जिना दिसला की पळत सुटतं. आमच्या घरात बाईचा वारसा दोघींनी चालवला आहे. एकीचा सत्कार होतो.

म्हणून पुढच्या वेळी शिक्षक दिनाला किंवा कोणा बाईंच्या निरोप समारंभाला बोलायची वेळ आली तर मी एकच विचारणार आहे: बाई शाळेत होत्या तेव्हा चूल कोणी पेटवली होती? त्या माणसाला स्टेजवर बोलवा. शाल दोघींना द्या. आणि शाल परवडत नसेल तर शाळेच्या आवारात एक खोली पाळणाघराला द्या, शालीपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे. असो. भाषण झालंच शेवटी.

आता शेवटचं, ज्यामुळे हे लिहायला बसलो.

वर्षश्राद्धाला आम्ही सगळे गावी जमलो, तेव्हा बाईची पत्र्याची ट्रंक उघडली. पेन्शनचे कागद, सेवापुस्तकाच्या नकला, विद्यार्थ्यांच्या लग्नपत्रिका गठ्ठा करून बांधलेल्या, जमाखर्चाच्या वह्या. पेन्शनच्या फायलीत तळाशी चार घड्या घातलेला एक पिवळा कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला, 1972 चा. अक्काचा. सही तेव्हाच्या मुख्याध्यापकांची, पण भरलेला बाईच्या अक्षरात. बाईने तो काढून घेतला होता, म्हणजे पुढे कुठेतरी तिला घालायचा विचार असणार, आणि मग तो बावन्न वर्षं तसाच राहिला. खालच्या बाजूला 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. गावातल्या कोणाही बापाने सांगितलेलं हे कारण बाईने कधी ऐकून घेतलं नव्हतं, ते तिने तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: घरगुती अडचण.

मी तो कागद घेऊन मागच्या अंगणात गेलो. अक्का शेंगा निवडत बसली होती. मी काही न बोलता तिच्या हातात दिला. तिने चष्मा शोधला, पदराने पुसला, आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मला वाटलं, आता ती त्या रकान्यापाशी थांबेल. ती थांबली नाही. परत वर गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ," ती म्हणाली. "माझी जन्मतारीखबी 1 जूनच टाकली की रे बाईनं. मी तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची."